शनिवारची गोगलगाय

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना दीड-दोन महिने घरात बसायला सांगितलं, तेव्हा खरी शिक्षा आईला झाली.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होते. कोण वेळेवर आलं, कोण उशिरा आलं, कोणाचं कार्ड दुसऱ्याच कोणीतरी पंच केलं, हे बघण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावरही ती सवय गेली नाही, पण निदान तिचा रोख घराबाहेर असायचा. ठाकुर्लीच्या आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी कधी आली, समोरच्या दुकानाचं शटर कधी उघडलं, यावर त्यांचं बारीक लक्ष. आता ते सोफ्यावर पाय लांब करून बसले आणि टाइम ऑफिस घरात आलं. "दूध आज उशिरा तापलं." "काल या वेळेपर्यंत कुकरच्या शिट्ट्या झालेल्या." आमच्या घरातली सगळी घड्याळं तेव्हाही दहा मिनिटं पुढे असायची आणि आजही असतात, त्यामुळे आई वेळेवर असली तरी घड्याळाप्रमाणे उशिराच असायची.

चौथ्या-पाचव्या दिवशी आईचा मला फोन आला. "तू ये आणि यांना कशात तरी गुंतव. नाहीतर मी माहेरी चालले."

आईचं माहेर कल्याणला. रिक्षाने जाता येतं. त्यामुळे ही धमकी तशी गंभीरपणे घेण्यासारखी होती. मी डोंबिवली पश्चिमेला राहते, घरूनच काम करते. त्याच संध्याकाळी गेले.

टीव्ही त्यांना नको होता, कारण बातम्या वेळेवर सुरू होत नाहीत. पुस्तक वाचून झोप येते. पत्ते खेळायला माणसं लागतात आणि आईने हात जोडले होते. शेवटी मी स्टुलावर चढून माळ्यावरची माझी शाळेची बॅग काढली. तिच्यात माझा जुना व्हिडिओ गेम होता. मी नववीत असताना मस्कतच्या मामाने आणलेला. डबीसारखं उघडणारं, हातात मावणारं यंत्र, वर एक स्क्रीन, खाली एक स्क्रीन. चार्जरची वायर उंदराने थोडी कुरतडलेली होती, पण दिवा लागला.

"हे काय?" बाबा म्हणाले.

"प्राणी पकडायचे. गवतात शिरायचं, प्राणी भेटतो, त्याला दमवायचं, मग जाळं टाकायचं. सगळ्या जातींचे जमवायचे."

"आणि जमवून काय करायचं?"

याचं उत्तर माझ्याकडे नववीतही नव्हतं. मी म्हटलं, "बघा तरी."

गेममध्ये माझाच जुना खेळ अर्धवट पडलेला होता. तो पुसून नवा सुरू करते म्हटलं तर बाबांनी करू दिलं नाही. चालू काम टाकून नवं सुरू करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यामुळे झालं असं की गेममधली माझी ती लाल स्कर्ट आणि दोन वेण्यांची मुलगी आता बाबा झाले. गावातली माणसं त्यांना "ये गं पोरी" अशा थाटात इंग्रजीतून बोलवायची आणि बाबा चष्मा सावरून मन लावून वाचायचे.

पहिलंच काय दिसलं, तर घरामागची बाग. मी तिच्यात कधीतरी फळझाडं लावलेली. गेमच्या आत एक घड्याळ असतं, ते आपण खेळत नसलो तरी चालत राहतं, आणि झाडं त्या घड्याळाप्रमाणे वाढतात. मी बॅग माळ्यावर टाकली तेव्हा झाडं लहान होती. आता नुसती काळी माती होती आणि खाली एक ओळ आली, तुमची झाडं पाण्यावाचून मेली.

बाबा मूळचे राजापूरकडचे, झाडामाडांत वाढलेले. त्यांनी यंत्र खाली ठेवलं.

"लावलीस आणि पाणी घातलं नाहीस?"

"बाबा, मला दहावी होती."

"दहावी तुला होती. झाडांना होती का?"

त्या दिवसापासून ते खेळायला लागले. आधी फक्त पाणी घालायला. सकाळी चहाबरोबर एकदा, दुपारी एकदा. मग पाणी घालायला आलोच आहोत तर जरा गवतात जाऊन येऊ, असं. आठवड्याभरात फिजिओथेरपीवाली मुलगी गुडघा वाकवत असताना ते "थांब, हा दमलाय, आता टाकतो जाळं" असं म्हणायला लागले. तिला आधी वाटलं गुडघ्याबद्दलच काहीतरी म्हणताहेत.

माझ्यापेक्षा त्यांना फार वेगळे प्राणी भेटत होते, हे मला तेव्हा कळलं. शाळेत असताना मला हा गेम फक्त रविवारी दुपारी मिळायचा, जेवण झाल्यावर, बाबा झोपल्यावर. त्यामुळे माझ्या संग्रहात रविवारी दुपारी बाहेर पडणारे प्राणी तेवढे होते. सगळे जाडे आणि सुस्त. मला वाटायचं, या जगात एवढेच आहेत. आता बाबा सकाळी खेळायचे तर त्यांना चपळ पाखरं मिळत होती. तिन्हीसांजेला वेगळेच किडे निघत. मंगळवारी एका पुलाखाली कासव येई आणि बुधवारी तिथेच काही नसे. हे गेम कुठेच सांगत नाही. आत शिरून, रोज हजेरी लावून माणसाने ते ओळखायचं.

बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे प्रत्येकाची शिफ्ट आहे."

आणि मग बंदरावरच्या गावात एका म्हाताऱ्याने त्यांना सांगितलं की दर शनिवारी, दिवसाउजेडी, दीपगृहाच्या मागे घंटेचा आवाज येतो. बाबांनी मला फोन करून विचारलं, हे काय प्रकरण? मी नेटवर शोधलं. पाठीवर घंटा असलेली गोगलगाय. फक्त शनिवारी येते.

"शनिवारी मारुतीला जात असेल," फोनमध्ये मागून आईचा आवाज आला.

पहिल्या शनिवारी बाबा आंघोळ करून बसले. गोगलगाय आली नाही. संध्याकाळपर्यंत त्या लाल स्कर्टवाल्या मुलीने दीपगृहाला इतक्या फेऱ्या मारल्या की खऱ्या दीपगृहाभोवती तेवढ्या मारल्या असत्या तर गुडघ्याला फिजिओथेरपी लागली नसती. दुसऱ्या शनिवारी तेच. बाबांचा चेहरा पडला. "गैरहजर," ते म्हणाले. "विनापरवानगी."

रविवारी मी गेले तेव्हा म्हटलं, बघू तरी काय बिघडलंय. सकाळचे दहा वाजत होते. चहा पिता पिता बाबांनी मोबाइल समोर धरला, गेमच्या यंत्राची सेटिंग उघडली आणि त्याचं घड्याळ पुढे केलं.

"हे काय करताय?"

"मागे पडतं ते. जुनं आहे ना. रोज लावून घेतो. मोबाइलच्या दहा मिनिटं पुढे."

"रोज?"

"रोज. भिंतीवरचं, माझं मनगटावरचं आणि हे. सकाळी तिन्ही."

मी घरी येऊन परत शोधलं. कोणा एका अतिशय चिकाटीच्या माणसाने या गेमचे सगळे छुपे नियम लिहून ठेवले होते, आणि त्यात ते होतं. पोरं लबाडी करून घड्याळ शनिवारवर नेतील, म्हणून गेम बनवणाऱ्यांनी आत एक चौकीदार बसवलाय. घड्याळाला कोणी हात लावला की गेम पुढचा अख्खा दिवस वेळेवर अवलंबून असलेली प्रत्येक गोष्ट बंद ठेवतो. वारावर येणारा एकही प्राणी येत नाही. आणि हे तो बोलून दाखवत नाही, गप्प राहतो. बाबा रोज सकाळी घड्याळ लावत होते, म्हणजे रोज सकाळी नवी शिक्षा सुरू होत होती.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते आधी खूश झाले. "बरोबर आहे. खोटं पंचिंग केलं की त्या दिवसाचा खाडा. हा गेम करणारा माणूस टाइम ऑफिसचा असणार बघ." आणि मग त्यांना उमगलं की खाडा त्यांचाच लागलाय. "पण मी खोटं कुठे केलं? मी बरोबर केलं! चुकीचं घड्याळ बरोबर केलं तर शिक्षा?"

"दहा मिनिटं पुढे करता ना तुम्ही."

"ते बरोबरच असतं."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिलेली. लग्नाला चाळीसएक वर्षं झाली, पण बाबांच्या घड्याळाला कोणीतरी शिक्षा केल्याचं ती पहिल्यांदाच ऐकत होती. त्या दिवशी जेवायला शेवयांची खीर होती.

ठरलं असं की आठवडाभर यंत्राच्या घड्याळाला हात लावायचा नाही. मागे पडलं तर पडू द्यायचं. सांगणं सोपं होतं. बाबांची पहिले दोन दिवस तगमग झाली. घरात एक घड्याळ चुकीचं चालतंय आणि आपण बघत बसलोय, हे त्यांना झोंबत होतं. ते सेटिंग उघडायचे, बघायचे, किती मागे पडलं ते मला फोनवर कळवायचे आणि बंद करायचे. दारू सोडलेला माणूस दुकानासमोरून जाऊन येतो ना, तसं. पण त्यांनी पाळलं.

शनिवार उजाडला. गोगलगाय आली नाही.

मी दुपारी पोचले तेव्हा घरात सुतक असल्यासारखं होतं. बाबा म्हणाले, "तुझ्या त्या इंटरनेटवाल्याला काही कळत नाही."

"बाबा, खरं सांगा, हात लावला का?"

"आईची शपथ, नाही."

तेवढ्यात आई कांदेपोहे घेऊन आली आणि सहज म्हणाली, "काल झाडताना ते उघडलं मी. कसलं मागे पडलेलं! म्हटलं यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. लावून ठेवलं. दहा मिनिटं पुढे."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे.

"काय झालं? एवढी वर्षं ओरडताय ना, कोणी घड्याळं बघत नाही म्हणून!"

बाबांनी पोह्यांची बशी ओढून घेतली. मला हसू आवरत नव्हतं, म्हणून मी लिंबू आणायला आत गेले. त्या माणसाने आयुष्यभर या बाईला जे शिकवायचा प्रयत्न केला, ते ती शिकली होती, आणि ती नेमकी शुक्रवारी शिकली होती.

पुढच्या शनिवारी मात्र पंचाईत होती. माझ्या आत्तेभावाचा साखरपुडा ठाण्याला होता. आत्याचे यजमान नाहीत, त्यामुळे मुलाकडून पूजेला बसायचं ते बाबांनी, म्हणजे मुलाच्या मामाने. गुडघा आता बरा होता. काठी घेऊन ते चालत होते, खाली बसता येत नव्हतं पण गुरुजी म्हणाले, खुर्चीवर बसा, देवाला चालतं. आईने पैठणी काढली. बाबांनी सिल्कचा झब्बा घातला. आम्ही गाडीत बसलो तेव्हा त्यांच्या हातात आहेराची पिशवी होती आणि तिच्यात गेम होता.

"अहो, लोक काय म्हणतील?" आई म्हणाली.

"आठवडाभर कोणी हात लावलेला नाही," बाबा म्हणाले. त्यांच्या मते एवढं उत्तर पुरेसं होतं.

आम्ही हॉलवर पोचलो तेव्हा खुर्च्यांची प्लास्टिकं काढत होते. गुरुजी आले नव्हते, मुलीकडचे आले नव्हते, आत्यासुद्धा वाटेत होती. बाबा दुसऱ्या रांगेत बसले, काठी शेजारी लावली आणि डबी उघडली. मग हळूहळू माणसं आली, सनई सुरू झाली, सरबत फिरलं. मुलीची आई बाबांना नमस्कार करायला आली तर त्यांनी डबी मिटून नमस्कार केला आणि परत उघडली. मी दुसरीकडे बघितलं.

गुरुजींनी येऊन मांडामांड सुरू केली, आणि बाबांनी माझा दंड धरला. "आली."

खरंच आली होती. दीपगृहाच्या मागे, हिरवट अंगाची, पाठीवर पितळी घंटा, आणि इतकी सावकाश की तिला पळून जाता येईल असं वाटेना. पण मी वाचलेलं होतं की ती पळते. बाबांनी तिला पद्धतशीर दमवायला घेतलं. पहिलं जाळं तोडलं तिने. दुसरंही तोडलं.

"यजमान, या," गुरुजींनी माइकवरून हाक मारली.

बाबांनी गुरुजींकडे बघितलं, गोगलगायीकडे बघितलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर असं दुःख ऑपरेशनच्या वेळीही बघितलं नव्हतं. मी हात पुढे केला, पण तेवढ्यात आत्याने मला नारळ आणायला पिटाळलं. बाबांनी डबी आईच्या पैठणीवर ठेवली.

"हे बटण. जाळं टाकायचं बटण आहे हे. एवढंच दाबत राहायचं. दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही."

"मी?"

"तू."

ते स्टेजवर गेले, खुर्चीवर बसले. मी नारळ ठेवून आले आणि आईशेजारी उभी राहिले. आई बटण दाबत होती, डोळे मोठे करून. जाळं पडे, गोगलगाय हले, जाळं तुटे. "बिचारी घाबरलीय गं," आई मला म्हणाली, आणि परत दाबलं. स्टेजवर गुरुजींनी बाबांच्या हातावर पाणी घातलं, गोत्र विचारलं, आणि बाबांनी गोत्र सांगितलं ते आमच्याकडे मान वळवून. आई मान वर करायला तयार नव्हती. बाबांना राहवेना. संकल्पासाठी गुरुजींनी माइक त्यांच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "म्हणा, मम."

"पळाली का?" बाबा म्हणाले.

हे अख्ख्या हॉलने स्पीकरवरून ऐकलं.

मुलगी तेव्हा आतल्या खोलीत साडी बदलत होती. सनईवाली टेप कोणीतरी बंद केली. मुलीचे वडील पहिल्या रांगेतून उठून उभे राहिले, आणि मुलीची आई पदर खोचून खोलीकडे धावली. तिच्यामागे दोन माम्या धावल्या. आमच्या बाजूचा एक काका "कोण पळाली, कोण?" करत दाराकडे गेला, तो जिन्यापर्यंत. स्टेजवर आत्तेभावाचा चेहरा पांढरा पडला.

आणि तेवढ्यात आई उभी राहिली, डबी डोक्याच्या वर धरली आणि ओरडली, "पकडली!"

पुढची पाच मिनिटं नीट सांगता येणार नाहीत. खोलीतून मुलगी अर्ध्या निऱ्या हातात धरून बाहेर आली, कारण तिच्या आईने दार जोरात वाजवलं होतं. आत्या बाबांवर हळू आवाजात ओरडत होती. मी मुलीच्या वडिलांना समजावत होते की काका, गोगलगाय, गेममधली गोगलगाय, आणि ते "हो का, हो का" म्हणत होते, पण त्यांना एक अक्षर पटत नव्हतं. शेवटी मी आईच्या हातातून डबी घेऊन त्यांना दाखवली. त्यांनी गोगलगायीकडे बघितलं. मग स्टेजवर, हातात अक्षता घेऊन पुतळ्यासारख्या बसलेल्या माझ्या बाबांकडे बघितलं. आणि ते एवढे हसले की त्यांना खाली बसवावं लागलं. मुलगी पण हसायला लागली, निऱ्या तशाच धरून. आत्तेभाव नंतर म्हणाला की ती हसली तेव्हा त्याच्या जिवात जीव आला.

गुरुजी तेवढे हसले नाहीत. "मुहूर्त टळतोय," ते म्हणाले. ते स्वतः अर्धा तास उशिरा आलेले होते. हे त्यांना बाबांनी सांगितलं, आणि तेही माइकवरून.

जेवताना बाबांनी गोगलगाय नीट बघायला घेतली. प्राणी पकडला की गेम विचारतो, याचं नाव काय ठेवायचं? मग अक्षरांचा तक्ता येतो, आणि पहिलं अक्षर असतं इंग्रजी ए. आईला सांगितलेलं होतं की हे एकच बटण दाबायचं, दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. त्यामुळे "पकडली" म्हणून ओरडल्यावरही तिने बटण सोडलं नव्हतं. जागा संपेपर्यंत तिने ए दाबलं होतं. त्या दुर्मीळ, शनिवारी येणाऱ्या, महिनाभर वाट बघायला लावलेल्या गोगलगायीचं नाव पडलं होतं एएएएएए.

"बदलता येत नाही का?" बाबांनी मला विचारलं.

येतं, पण त्यासाठी बरंच पुढच्या गावी जावं लागतं.

आई जिलबी खात म्हणाली, "राहू दे की. तुम्हाला आयुष्यात कधी ए म्हटलं नाही मी. तिला तरी म्हणते."

बाबांनी ते नाव बदललं नाही. त्या पुढच्या गावी ते पोचले, नाव बदलणारा माणूस त्यांना भेटला, त्याने विचारलं आणि बाबांनी नको म्हटलं, हे त्यांनीच मला सांगितलं. "उगाच रेकॉर्डमध्ये खाडाखोड नको."

आता ते पूर्ववत चालायला लागलेत. सकाळी फिरायला जातात, ठाकुर्लीच्या पुलापर्यंत, आणि येताना भाजी आणतात. लग्न डिसेंबरात झालं. मुलीच्या वडिलांनी बाबांना आहेरात काय दिलं, तर पितळेची छोटी घंटा. बाबांना ते आवडलं की नाही कळलं नाही, पण ती देव्हाऱ्यात आहे.

गेम मात्र आता त्यांच्याकडे फारसा नसतो. आई-बाबांकडे पाणी पहाटे येतं. आई ड्रम भरेपर्यंत नळापाशी स्टुलावर बसते, आणि तेवढ्या वेळात दुसरं काही करता येत नाही म्हणून तिने एकदा सहज डबी उघडली. पहाटे निघणारे प्राणी बाबांना माहीतच नव्हते, कारण ते सहानंतर उठायचे. गेल्या आठवड्यात बाबांचा मला फोन आला, आवाज अगदी खाली आणून, म्हणजे आई आसपास होती.

"तिच्याकडे एक पांढरा पक्षी आहे. शेपटी अशी लांब. मी विचारलं, कुठे मिळाला? सांगत नाही. तू जरा इंटरनेटवर बघ."

मी म्हटलं, "बाबा, तिला तुम्हीच विचारा की."

"विचारलं ना," बाबा म्हणाले. "म्हणते, लवकर उठा."